लातोनाच्या कारंज्यातला तिसरा बेडूक

मोन्तेरोस्को
सान जोव्हान्नीच्या सणाचा दुसरा दिवस, जून १६७३

लिव्हिओ,

तुझ्या बहिणीचं पत्र आहे. दचकू नकोस, आई जिवंत आहे. तू रोमला गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण काल तू नि तुझ्या मास्त्रोंनी कोरलेलं कारंजं पाहिलं. अक्षरं मोठी मोठी दिसतील. बाबांनी मला थडग्यांवरची अक्षरं कोरायला शिकवली, कागदावरची नाही. त्यामुळे माझी साधी चिठ्ठीसुद्धा कुणीतरी मेल्यासारखी दिसते.

काल जहागीरदारांनी बागेचं फाटक गावासाठी उघडलं. त्याच्या आधीपासून आम्ही सगळ्या बायका त्यांच्या मुदपाकखान्यात राबत होतो. रांधायला सणाच्या गोगलगायी होत्याच, त्याशिवाय बेडूक. पाहुण्यांना कारंज्याच्या काठावर बसवून तळलेले बेडूक खाऊ घालायचे, ही जहागीरदारांची थट्टा. पोती भरभरून बेडूक आणले आणि सोलायचं काम माझ्या गळ्यात. डोकं उडवायचं, मोजा ओढावा तसं कातडं ओढून काढायचं. मग जे उरतं ना, ते तान्ह्या पोराच्या मांड्यांसारखं दिसतं. शी! राखेने हात धुतले, लिंबू चोळलं, तरी वास जात नाही. कालपासून घास घेतलेला नाही. पण ते काही बेडकांमुळे नाही रे, तुझ्यामुळे.

पाहुण्यांना पुतळे समजावून सांगायला जहागीरदारांचा तो काळ्या झग्यातला ग्रंथपाल होता, अबाते. मी परात घेऊन मागे उभी. तो म्हणाला, "ही देवी लातोना. कडेवर जुळी बाळं, उन्हात वणवण करून घसा कोरडा पडलेला. तळ्याशी आली, तर तिथल्या गावंढळांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही. वर पाय घालून चिखल ढवळला. देवीने शाप दिला, राहा मग जन्मभर चिखलात! आणि आता पाहा, कसे बेडूक होताहेत!" सगळे हसले. जहागीरदार बेडकाची तंगडी चघळत म्हणाले, "आमच्याकडचे गावंढळही पाण्यावरून असेच ओरडायचे. आता गप्प आहेत."

यावर आणखी हसले. तुझे मास्त्रो सगळ्यांत मोठ्याने.

आता तुमच्या कामाबद्दल. दगडफोड्याची पोर आहे मी, मला बघता येतं. देवी तुझ्या मास्त्रोंची, ते लगेच कळतं. सायीसारखी घासलीय. वारा नाही तरी पदर उडतोय, मान वर, ओठ किंचित उघडे. समोरून पाहिलं तर उजवा हात पाणी मागतोय असं वाटतं, आणि डावीकडे चार पावलं चालून गेलं की तोच हात शाप देताना दिसतो. हे झकास जमलंय, मी खोटं बोलणार नाही. पण बेडूक तुझे. तिथे मुद्दाम कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेत, म्हणजे ओलं झालं की अंग बुळबुळीत दिसावं. तोंडांचे कोपरे गिरमिटाने खोल पोखरलेत, म्हणजे आत अंधार राहावा. नळ घशातून काढलेत. पहिला जाडा, गाल फुगवून हसतोय. दुसऱ्याचं डोकं पुरतं बेडकाचं झालंय, हाताच्या बोटांत पडदे आलेत. आणि तिसरा.

तिसऱ्याचा चेहरा अजून माणसाचा आहे. डाव्या भुवईत खाच आहे, कपची उडून लागल्यावर पडते तशी. कान बाहेर आलेले. गुडघ्यावर बसलाय, हात पाठीमागे, कोपरं वर, खांदे पुढे निसटलेले. बेडकाचे असतात तसे. तो अबाते तर वेडाच झाला. "खांदे पाहा, खांदे! काय सत्य आहे! या कलावंताला असं शरीर मिळालं तरी कुठे?"

कुठे मिळालं ते मी सांगू शकले असते. आपल्या चौकात. गावचा झरा जहागीरदारांनी बागेकडे वळवला, आणि बाबा चार जणांना घेऊन वाड्यावर पाणी मागायला गेले, तर बाबांचे हात पाठीमागे बांधून, कप्पीवर दोर टाकून त्यांना सगळ्या गावासमोर वर ओढलं आणि खाली सोडलं. पुन्हा ओढलं. त्यानंतर बाबांच्या हाताने कधी हातोडा उचलला नाही, चमचासुद्धा आई धरायची. दुसऱ्या हिवाळ्यात गेले. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास, लिव्हिओ. चौकात मी तुझे डोळे झाकले होते. माझ्या बोटांच्या फटींतून इतकं नीट पाहिलंस?

आईने अजून कारंजं पाहिलेलं नाही. गुडघा सुजलाय म्हणून घरी होती. मी आल्या आल्या विचारलं तिने, "आपल्या लिव्हिओचं काम कसं झालंय गं?" मी म्हटलं, गुळगुळीत.

नूंत्सियो खेचरवाला वाइनची पिंपं घेऊन रोमला निघालाय, त्याच्याकडे हे देते. उत्तर त्याच्याच हाती पाठव.

सेत्तीमिया


मोन्तेरोस्को
मग्दालेनाच्या सणानंतरचा सोमवार, जुलै

लिव्हिओ,

उत्तर नाही. बरं. मग इथे काय चाललंय ते तरी ऐक, म्हणजे तुलाही दोन घास कमी जातील.

फाटक आता दर शनिवारी उघडतात. अबातेचं प्रवचन पाहुण्यांनी ऐकलं, गावाने नाही. गावाला लातोना कोण ठाऊक? गावाने काय पाहिलं? एक बाई, डोळे आभाळाकडे, आणि कडेवर दोन बाळं. तेही सान जोव्हान्नीच्या दिवशी. मेनिका मावशीने तिथल्या तिथे गुडघे टेकले. "अगं बाई, मारियामाता! हा बाळ येशू, आणि हा दुसरा आपला छोटा जोव्हान्नी!" झालं! बघता बघता सगळा घोळका गुडघ्यांवर. मी तिच्या कानात म्हटलं, "मावशी, दुसरं बाळ मुलगी आहे, नीट बघ." तर म्हणते, "कोरणाऱ्याने गडबड केली असेल गं, माणूस आहे."

आता मारियामातेच्या पायाशी चिखलात लोळणारे कोण असणार? पापीच की. नरकात पडलेले, तोंड वासून पाणी मागणारे. मेनिका मावशी उठली, तोंडात थुंकी गोळा केली आणि जाड्यावर थुंकली. येशूला क्रुसावर दिलं त्या शुक्रवारी दगाबाज जुदासाच्या बाहुल्यावर थुंकतो तशी. मग प्रत्येकीने. आता शनिवारचा नेमच झालाय. देवीपुढे मेणबत्ती लावायची, जपमाळ ओढायची आणि निघताना तिघांवर थुंकायचं. लहान पोरांना उचलून धरतात, "थुंक बाळा, थुंक, वाईट आहेत ते." मीही थुंकले. काय करणार? जाड्यावर थुंकले, आणि तिसऱ्याच्या वेळी नेम चुकावा म्हणून डोळे मिटून घेतले.

पाद्री स्किपियोनेंना मी सांगायला गेले. त्यांना लातोना चांगली ठाऊक आहे, चार बुकं शिकलेत. म्हणाले, "सेत्तीमिया, भक्ती आहे ही. भक्तीला पत्ता चुकला तरी देवाला पोचते." आणि मेणबत्त्या मोजायला गेले. जहागीरदार तर वरच्या सज्जातून मजा बघतात. रोमहून पाहुणे मुद्दाम शनिवारी बोलावतात. त्यांना हसू आवरत नाही, एका बाईने तर हसता हसता पंखा खाली टाकला.

आणि त्याहून घाण सांगू? गावाला जे पाणी मिळतं ते या कारंज्याचंच. हौद भरून वाहिला की उरलेलं बागेच्या भिंतीखालच्या पाटातून आपल्या कुंडात पडतं. म्हणजे वर थुंकायचं आणि खाली येऊन तेच घागरीत भरायचं. हे मी सांगितलं तर सगळ्या माझ्यावरच उलटल्या. "मारियामातेच्या पायाचं तीर्थ आहे ते! तुझीच जीभ घाण!" आता मी वरच्या ओढ्यावरून पाणी आणते. एवढी चढण, आणि आईचा गुडघा असा.

आई येऊन गेली. हे लिहायचं नव्हतं मला. काठी टेकत टेकत आली, मुलाचं काम बघायचं म्हणून. मी मुद्दाम तिसऱ्याच्या पुढे आडवी उभी राहिले. तिने मला काठीनेच बाजूला केलं. बघत राहिली. मग पुढे झाली आणि त्याच्यावर थुंकली. नेमकी त्याच्यावर, नेमकी तोंडावर. मेनिका मावशी म्हणाली, "वा कामिल्ला, म्हातारपणीही काय नेम!" आई घरी आली आणि चणे निवडत बसली. तिने ओळखलं नाही. एवढंच एक बरं झालं.

पण आता पुढचं ऐक. सान मिकेलेच्या सणाला, सप्टेंबरच्या शेवटी, पाद्रीबाबा मिरवणूक तिथेच नेणार आहेत. सैतानाला पायाखाली घालणारा देवदूत ना तो, मग पाप्यांना सोडतील कसे? पोरं म्हणाली, दगड मारू. जहागीरदारांनी निरोप धाडला, दगड नको, संगमरवर महाग आहे. शेण चालेल.

शेण चालेल, लिव्हिओ. ज्या गावाच्या पाण्यासाठी तो माणूस दोराला लटकला, ते गाव त्याच्या तोंडावर शेण मारणार. आणि तोंड तू दिलंस, आयतं.

सेत्तीमिया


मोन्तेरोस्को
ऑगस्ट, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी

लिव्हिओ,

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा खाली ठेवून हात पुसले.

तू लिहितोस, मास्त्रोंनी सांगितलं की खरे चेहरे हवेत, आणि तुला पाठ असलेला चेहरा एकच होता. लिहितोस, छिन्नी लावली आणि बाबा आपोआप बाहेर आले, तू रडत रडत कोरलंस. लिहितोस, अपमान नव्हे, हे स्मारक आहे, कारण बाबांना गावासाठी पाणी हवं होतं आणि आता गावाला पाणी त्यांच्याच तोंडून मिळतंय.

वा रे वा! फारच सुंदर विचार. रोममध्ये शिकवतात वाटतं असले विचार. मेल्या, त्या तोंडून काय मिळतंय ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेच पाणी तू येऊन पी ना एक घागर. स्मारक! बाबा पाणी द्यायला नाकारणाऱ्यांत बसलेत तिथे, कळतंय का तुला? तहानलेल्या बाईला हाकलणाऱ्यांत! ज्याने झरा चोरला तो वर सज्जात तंगड्या चघळतोय, आणि ज्याने झरा मागितला तो शाप भोगतोय. गोष्ट पुरती उलटी करून दगडात घातलीत तुम्ही, वर तिला पॉलिश केलं. रडत रडत केलंस म्हणून काय ती सुलटी झाली?

आणि रडू चेहऱ्यासाठी आलं असेल, ते मी मान्य करते. शनिवारी फाटक बंद व्हायच्या आधी एकटी जाऊन पुन्हा पाहिला. कान अगदी बरोबर आहे. उजवा कान डाव्याहून जरा खाली होता, ते माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. त्या कानावर हात ठेवून मी उभी राहिले आणि मला तुझा इतका राग आला, इतका राग आला की काय सांगू. वाईट कोरला असतास तर परवडलं असतं.

पण खांदे? खांदे कोरताना रडला होतास का? मागून फिरून पाहिलंय मी. मनगटापाशी दोराचा वळ पडतो तिथे कातडीला दुमड दिलीयस. दोर नाही, पण दोराची दुमड आहे. बेडकाला कशाला लागते रे ती? ती तुला सुंदर वाटली. खरं बोल. बाबा ओरडत होते आणि तुझ्या डोळ्यांना ते सुंदर वाटत होतं. याचीच शिसारी येते मला, बाकी काही नाही.

म्हणतोस, येता येणार नाही, आकाशातून कोसळणाऱ्या दैत्यांचं मोठं काम हातात आहे, मास्त्रो सोडत नाहीत. सोडतील. त्यांना सांग, बेडकाच्या घशातला नळ गळतोय, जहागीरदारांनी माणूस मागितलाय. इकडे फाटकावर सांग, मास्त्रोंनी धाडलंय. तुला कुणी अडवणार नाही, मला अडवतील. सान मिकेलेच्या आधी ये आणि तो चेहरा पुरता बेडकाचा कर. नाक काढ, भुवई काढ, कान छाट. घालता येत नाही, पण काढता तर येतं ना दगडातून. अर्ध्या दिवसाचं काम आहे तुझ्यासारख्याला. मग मारू देत शेण, हवं तेवढं.

नूंत्सियो विचारत होता, भाऊ-बहिणीचं एवढं काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, नळ गळतोय.

सेत्तीमिया


मोन्तेरोस्को
सप्टेंबर, सान मिकेलेला आठवडा राहिला

लिव्हिओ,

नूंत्सियो रिकाम्या हाताने आला. म्हणाला, "तुझा भाऊ भेटला, निरोप काहीच नाही, नुसता बघत राहिला." तेवढं तर तुला येतंच.

म्हणून आज सकाळी मी बाबांचा हातोडा पलंगाखालून काढला. मोठी छिन्नीही घेतली आणि धुण्याच्या पाटीत कपड्यांखाली ठेवली. मुदपाकखान्याच्या दाराने आत जाता येतं. दारापर्यंत पोचले तर आई म्हणाली, "पाटी जड दिसतेय."

मी म्हटलं, "चादरी आहेत."

"चादरी वाजत नाहीत गं." उठून आली, पाटीत हात घातला, हातोड्याचा दांडा चाचपला. बाबांच्या मुठीने झिजलेली जागा आहे ना, तिथे तिचा हात थांबला. म्हणाली, "चेहऱ्याला हात लावायचा नाही, सेत्तीमिया."

मी पाटी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? ज्याच्या शेजारी आयुष्यभर झोपले त्याला ओळखणार नाही मी? तुझ्या पाठीमागून त्याचा कान दिसला तेव्हाच कळलं."

"मग थुंकलीस कशी, आई? थुंकलीस कशी त्यांच्यावर?"

तिने हातोडा काढून मांडीवर घेतला आणि बाकावर बसली. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, तुलाही ऐकू जाऊ दे.

"सगळ्या बघत होत्या. मी जाड्यावर थुंकले असते, दुसऱ्यावर थुंकले असते आणि त्याला सोडलं असतं, तर प्रत्येकीने वळून पाहिलं असतं, ही कुणाला सोडतेय म्हणून. मग ओळखला असता त्यांनी. आणि मग काय केलं असतं? चौकातही त्याला ओळखत होतेच की सगळे. कोण बोललं तेव्हा? मेनिकाने खिडकी लावून घेतली होती. ओळखूनही थुंकताना मला त्यांना बघायचं नव्हतं गं. त्यापेक्षा मीच आधी थुंकले. माझी थुंकी त्याला चालते."

मी म्हटलं, "आणि घरी येऊन चणे निवडत बसलीस!"

"मग? चणे शिजवायचे नव्हते?"

मग मला रडू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. आईने मला रडू दिलं, आणि मग अगदी हिशेबी आवाजात, भाकरीला पीठ किती घ्यायचं ते सांगावं तशी म्हणाली, "चेहरा राहू दे. चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे, पोराने छान काढलाय. पण ते हात त्याचे नाहीत. त्याचे हात असे नव्हते. ते जहागीरदाराने केलेत. तेवढे काढून टाका."

"आणि शेण?"

"शेणाचं मी बघते. मिरवणूक गेली की फडकं घेऊन जाईन आणि पुशीन. म्हणू देत वेडी. पण त्या हातांकडे बघत मला पुसता येणार नाही."

तर असं आहे. चेहऱ्याबद्दल मी जे मागितलं होतं ते परत घेते, कारण ते मागायचा हक्क माझा नाही, तिचा आहे. आता खांद्यापासून खाली, दोन्ही बाजूंनी. कोपरं, मनगटं, ती दुमड, सगळं. तू आलास तर सांध्यात छिन्नी धरून सफाईने काढशील, छातीला तडा जाणार नाही, मान शाबूत राहील. मी फक्त अक्षरं कोरलीत. माझा घाव कुठवर जाईल ते मला सांगता येत नाही. कदाचित मानेपर्यंत जाईल, आणि मग आईला पुसायला चेहराही उरणार नाही. म्हणून अजून लिहितेय, नाहीतर काम उरकूनच कळवलं असतं.

सान मिकेलेच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुणे झोपलेले असतात. तोवर वाट पाहीन. नाही आलास तर मी आत जाईन. मला पकडतील, आणि काय करतील ते तुला माहीत आहे. कप्पी अजून चौकातच आहे, दरवर्षी तेल घालतात तिला.

तेव्हा तरी ये. आता माझे हात मोकळे नसतील, तुझे डोळे झाकायला कुणी नसेल. पुढे उभा राहून नीट बघ. दैत्यांच्या कामाला खांदे लागतीलच तुला.

सेत्तीमिया